भरलेली जखम त्याच जागी पुन्हा उघडते, तेव्हा काय तपासावे

तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. तळपायावर, अंगठ्याच्या बुडाशी किंवा टाचेच्या कडेला जखम होते, ड्रेसिंग सुरू होते, काही आठवड्यांत ती आकसून वर कोरडी खपली धरते आणि पट्टी बंद केली जाते. त्यानंतर महिना-दीड महिन्यात चपलेच्या तळव्यावर पुन्हा ओलसर डाग दिसतो. जागा तीच असते. मग मलम बदलते, मलमानंतर दवाखाना बदलतो आणि शेवटी कोणाच्या तरी ओळखीचे एखादे चूर्ण घरात येते. सोलापुरात यंत्रमागावर उभ्याने पाळी करणाऱ्या किंवा दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या कुटुंबांत, विशेषतः ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या घरी, ही तक्रार इतकी अंगवळणी पडली आहे की अनेक जण तिला शुगरचा ठरलेला भोग मानतात. प्रत्यक्षात अशी जखम उघडण्यामागे बहुतेक वेळा शोधता येण्याजोगे कारण असते, आणि ते कारण जखमेवर लावलेल्या औषधात क्वचितच सापडते. जखमेच्या जागेवर किती भार पडतो, तिथपर्यंत रक्त किती पोहोचते आणि त्या रक्तात साखर किती आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय चौथे मलम आणण्यात अर्थ नाही.

पुढचा क्रम वॉर्डातील अनुभवी परिचारिका ज्या क्रमाने पाहते, त्याच क्रमाने मांडला आहे. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे. परंतु ही माहिती हाताशी ठेवून ओपीडीत गेल्यास तिथल्या पाच मिनिटांचा उपयोग कितीतरी वाढतो.

घरी थांबता येईल का, हे आधी ठरवावे

थंडी वाजून ताप येणे, जखमेभोवतीची लाली कडेपासून दोन सेंटीमीटरपेक्षा पुढे सरकणे, पायावर वर चढत जाणारी लाल रेघ दिसणे, बोट निळे किंवा काळे पडणे, त्वचेवर दाबल्यावर आत हवा असल्यासारखी करकर जाणवणे, जखमेच्या आकाराच्या मानाने फारच तीव्र वेदना होणे, रुग्ण गुंगीत जाणे किंवा त्याचा श्वास जलद चालणे, यांपैकी एकही लक्षण असेल तर पुढचे वाचत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि सिव्हिलचा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा, अपघात विभाग रात्रीही सुरू असतो. लालीबद्दल शंका असल्यास तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहावी; काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर निर्णय आपोआप होतो.

मधुमेही रुग्णाच्या बाबतीत एक सावधगिरी अधिक लागते. पायात खोलवर पू झालेला असूनही त्याला ताप येत नाही, दुखतही नाही, आणि कालपर्यंत आटोक्यात असलेली शुगर औषधे चालू असताना एकाएकी वाढणे हीच कधी कधी एकमेव खूण असते. ‘ताप नाही, म्हणजे जंतू नाहीत’ हा हिशेब अशा पायाला लागू पडत नाही.

जखम खरोखर भरली होती का

जखम भरण्याचे टप्पे शरीर स्वतःच ठरवते. प्रथम रक्त गोठते. पुढचे तीन ते पाच दिवस दाह असतो, ज्यात थोडी लाली, सूज आणि ऊब असणे स्वाभाविक आहे. चौथ्या दिवसाच्या सुमारास तळाशी लालभडक, दाणेदार मांसांकुर दिसू लागतात आणि कडेकडून गुलाबी नवी त्वचा आत सरकते. सुमारे तीन आठवड्यांनंतर घट्ट होण्याचा टप्पा सुरू होतो आणि तो वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालतो. तीन आठवड्यांच्या व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या पावपटीच्या आसपास असते आणि पूर्ण मुरलेला व्रणही मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचतो. म्हणजे पट्टी सुटली त्या दिवशी ती जागा सगळ्यात कच्ची असते आणि नेमका त्याच दिवशी रुग्ण कामावर जातो.

दुसरा घोटाळा खपलीचा आहे. तळपायाच्या जखमेभोवती घट्टा वाढतो आणि तो जखमेच्या तोंडावर झाकणासारखा बसतो, त्यामुळे वरून कोरडे दिसते आणि खाली लस साचत राहते. घट्ट्याखाली काळपट-जांभळा ठिपका दिसला तर तिथे रक्त साकळले आहे, म्हणजेच त्वचा आतून फाटलेली आहे, असे समजावे. जागा पूर्णपणे नव्या त्वचेने झाकली आहे, लस येत नाही आणि ही स्थिती सलग दोन आठवडे टिकून आहे, अशी खात्री झाल्यावरच जखम भरली म्हणावे. या कसोटीवर पाहिले तर ‘पुन्हा उघडलेल्या’ जखमांपैकी कित्येक मुळात बंदच झालेल्या नव्हत्या, असे लक्षात येते.

भार: सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण

ओपीडीत बहुतेक वेळ मलमाच्या नावावर जातो आणि रुग्णाच्या पायातली चप्पल उलटी करून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ती पाहावी. तळव्याचा जो भाग सर्वांत जास्त झिजला आहे, त्याच्या बरोबर वर जखम असेल तर अर्धे उत्तर मिळाले.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. मुंग्या, जळजळ, रात्री पायाची आग होणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे पाय शांत होतो आणि रुग्णाला बरे वाटू लागते. धोका तिथून सुरू होतो. निरोगी माणूस एका जागी दाब वाढला की नकळत पाय हलवतो, लंगडतो, चप्पल काढतो. ज्याला दाब कळतच नाही तो त्याच बिंदूवर दिवसभर हजारो पावले टाकतो. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि तिथे कुष्ठरुग्णांवर काम करताना त्यांनी हे दाखवून दिले की, रुग्णांच्या हातापायांची झीज कुष्ठाने मांस सडल्यामुळे होत नाही, तर वेदना न कळल्यामुळे त्याच जागेला पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजेमुळे होते. मधुमेही पायालाही हेच तंतोतंत लागू होते.

संवेदना शिल्लक आहे की नाही, हे घरी पाहता येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा, दाबू किंवा घासू नये, आणि स्पर्श कळला की कोणत्या पायाला तो कळला हे त्याला सांगायला लावावे. सहा जागांपैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही तर पाय बधिर झाला आहे असे धरून चालावे आणि डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या बारीक तंतूने, तपासणी करून घ्यावी.

भार काढण्याचे उपाय ऐकायला सोपे आणि पाळायला अवघड आहेत. तळपायाच्या साध्या, जंतुसंसर्ग नसलेल्या आणि रक्तपुरवठा चांगला असलेल्या जखमेला सर्वांत परिणामकारक ठरते ते गुडघ्याखालपर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लास्टर किंवा बूट. ‘काढता न येणारे’ हाच त्यातला मुख्य गुण आहे, कारण काढता येण्यासारखी वस्तू माणूस घरात शिरताच काढून ठेवतो. ते शक्य नसेल तर जखमेच्या जागी पोकळी ठेवून आजूबाजूला फेल्टची गादी लावणे, वॉकर किंवा कुबडी वापरणे आणि पावले कमी करणे, एवढे तरी करावेच. जखम भरल्यानंतरच्या काळासाठी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल आहे. तिचा तळवा मऊ पण न दबणारा असतो आणि मागे पट्टा असतो. अंगठ्याची साधी रबरी चप्पल बधिर पायाला दोन कारणांनी वाईट: ती पायातून निसटते तेव्हा कळत नाही, आणि ती धरून ठेवण्यासाठी बोटे आखडून चालण्याची सवय लागते, त्यामुळे बोटांच्या टोकांवर दाब येतो.

घरातले चालणे कोणी मोजत नाही. बाहेर जाताना नवी चप्पल आणि घरात, मोरीत, गच्चीवर, देवघरात अनवाणी, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. जखम भरत नाही त्या घरी मी हमखास विचारते की रात्री लघवीला उठताना पायात काय असते, आणि उत्तर जवळजवळ नेहमी ‘काही नाही’ असेच येते. घरात वापरण्यासाठी वेगळी, स्वच्छ एमसीआर चप्पल ठेवली तर सोवळ्याचा प्रश्नही सुटतो.

कामाच्या जागेचाही विचार व्हावा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील मागावर आठ-बारा तास उभे राहणाऱ्याला पूर्ण विश्रांती परवडत नाही, हे खरे आहे. पण बॉबिन भरणे किंवा घड्या घालणे असे बसून करण्याचे काम काही आठवड्यांपुरते मागून घेता येते, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते. विडी वळताना मांडी घालून बसणाऱ्या स्त्रियांच्या बाहेरच्या घोट्यावर सतत दाब येतो. तिथली जखम असेल तर पाटावर किंवा खुर्चीवर बसून सूप मांडीवर घेणे हाच पहिला उपचार होय.

रक्त पोहोचते का, आणि पोहोचलेले परत फिरते का

चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर जाणे, रात्री झोपेत पाय दुखून तो खाटेखाली सोडल्यावर आराम पडणे, पाय थंड, चकचकीत आणि केसविरहित होणे, ही रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीतून, रक्त कमी येत असल्याची चिन्हे आहेत. अशा जखमा सहसा बोटांच्या टोकांवर किंवा टाचेवर असतात, लहान आणि खोल असतात, त्यांचा तळ फिका असतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून काढलेले गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी असेल तर रक्तपुरवठा अपुरा मानतात. मात्र मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झालेल्या असल्यास हा आकडा खोटा चांगला येतो, म्हणून तो १.३ च्या वर दिसला तरी निश्चिंत होऊ नये आणि डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, करून घ्यावी. रक्त येत नसलेल्या पायाचे कोरडे काळे बोट कोमट पाण्यात भिजवणे किंवा घरी कापणे अत्यंत घातक आहे. ते कोरडे ठेवून रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे जावे.

याच्या उलट प्रकार उभ्याने काम करणाऱ्यांत दिसतो. घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर, उथळ आणि पसरट जखम, भोवतालची त्वचा तपकिरी, खाजरी, पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा, संध्याकाळपर्यंत सूज. इथे रक्त येते, पण वर परत जात नाही. ही जखम फक्त ड्रेसिंगने भरून येते आणि ड्रेसिंग सुटताच फुटते, कारण शिरांमधला दाब जसाच्या तसा राहिलेला असतो. तिला दाबपट्टी आणि पाय छातीपेक्षा उंच ठेवून विश्रांती लागते, आणि शिरांवर योग्य उपचार लागतो. दाबपट्टी बांधण्यापूर्वी वरचे गुणोत्तर तपासलेच पाहिजे, कारण रोहिणी अरुंद असलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधल्यास उरलेले रक्तही अडते.

क्रेप बँडेज बोटांच्या बुडापासून सुरू करून, टाच झाकून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर घेत गुडघ्याच्या खालपर्यंत न्यावे. जखमेपुरतेच चार वेढे आवळल्याने खालचा पाय सुजतो. बांधून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे. गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परतला नाही, बोटे थंड किंवा निळसर वाटली तर पट्टी सैल करावी.

साखर, जेवण, तंबाखू

शुगर सतत १८०-२०० च्या वर असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि नवे मांसांकुर नीट धरत नाहीत. बहुतेक प्रौढांसाठी रिकाम्या पोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७ टक्क्यांच्या आसपास हे लक्ष्य असते. वृद्धांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात. जखम चिघळल्यावर काही काळ इन्सुलिन सुचवले गेले तर त्याला ‘शेवटचे औषध’ समजून नकार देऊ नये.

जेवणाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगणे भाग आहे, कारण इथे प्रेमापोटीच नुकसान होते. जखम झाली की घरात पथ्य सुरू होते: तुरीची डाळ बंद कारण ‘पू होतो’, वांगे बंद, अंडे-मटण उष्ण म्हणून बंद, दूध बंद, आणि रुग्ण तांदळाच्या पेजेवर किंवा चहा-बिस्किटावर राहतो. पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे होत नाही. उलट डाळीतल्या प्रथिनांतूनच नवी त्वचा बांधली जाते. जखम असलेल्या अशक्त रुग्णाला दर किलो वजनामागे रोज सुमारे १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या ताटातली ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, दही आणि शेंगा चटणी हे जखमेला उत्तम अन्न आहे. केवळ रक्तदाब असल्यास चटणीतले मीठ कमी करावे. लिंबू, आवळा, पेरू यांतून क जीवनसत्त्व मिळते, जे नव्या तंतूंच्या विणीला आवश्यक असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हिमोग्लोबिन तपासायला विसरू नये.

निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. विडी आणि तंबाखूबद्दल पुरुषांना विचारले जाते. स्त्रियांना मिश्रीबद्दल कोणी विचारत नाही आणि त्या स्वतःहून सांगत नाहीत, कारण मिश्री त्यांच्या लेखी दंतमंजन असते. ती तंबाखूच आहे. गुडघेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांबद्दलही मोकळेपणाने सांगावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि स्टेरॉइडने जखम भरणे रेंगाळते आणि शुगर वाढते.

ड्रेसिंगमध्ये कुठे बिघडते

शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ते पिंपांत, टाक्यांत साठवले जाते. साठवलेल्या पाण्यात तांब्या आणि हात बुडत राहतात. म्हणून जखमेसाठी वापरायचे पाणी खळखळून उकळून, झाकून, थंड करूनच घ्यावे. एक लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवले तर ते नॉर्मल सलाईनच्या प्रमाणाचे होते. ते स्वच्छ उकळलेल्या बाटलीत ठेवून दिवसभरात संपवावे, उरलेले फेकून द्यावे. औषधाच्या दुकानात मिळणारी सलाईनची बाटली घेतल्यास उत्तमच.

अंगठ्या-बांगड्या काढून साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत. तंबाखूची पाने हाताळणाऱ्यांनी नखेही घासावीत. जुना गॉझ चिकटला असेल तर तो ओढू नये; सलाईनने भिजवून पाच मिनिटे थांबावे, कारण ओढताना काल आलेली कोवळी त्वचा त्याच्याबरोबर निघते. ‘ड्रेसिंग करताना रोज थोडे रक्त येते’ असे सांगणाऱ्या घरांत पुष्कळदा हेच घडत असते. जुनी पट्टी सोडून पुन्हा हात धुवावेत, मग जखम आतून बाहेर अशा दिशेने पुसावी आणि प्रत्येक वेळी नवा बोळा घ्यावा.

फेस आला म्हणजे जखम साफ झाली, या समजुतीने हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतले जाते. ते, स्पिरिट आणि घट्ट जंतुनाशके जंतूंबरोबर नव्या पेशींनाही मारतात. तळ लाल आणि निरोगी असेल तर सलाईन पुरेसे आहे. पोव्हिडोन आयोडिन कधी आणि किती दिवस हे डॉक्टर सांगतील तेवढेच. हळद, चुना, चहापत्ती, राख किंवा अँटिबायोटिकची पावडर जखमेत भरू नये. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि पावडरीचा थर कडक होऊन त्याखाली लस कोंडते. मातीत किंवा गोठ्यात झालेल्या जखमेला धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली होती, हे अवश्य सांगावे. पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागते.

‘जखमेला वारा लागू द्या, म्हणजे ती सुकेल’ हा सल्ला अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगात दाखवले की, पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते, कारण कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडेची त्वचा पांढरी, सुरकुतलेली, फुगलेली दिसली तर ओल जास्त झाली. अधिक शोषणारे ड्रेसिंग घ्यावे किंवा ते लवकर बदलावे. आपल्या एप्रिल-मेच्या ४०-४२ अंशांत घामाने पट्टी दुपारीच भिजते, तेव्हा ‘दोन दिवसांनी या’ हा हिवाळ्यातला सल्ला लागू राहत नाही. पट्टी बाहेरून ओली दिसली की बदलावी. अंघोळीच्या वेळी पाय मोरीबाहेर स्टुलावर ठेवावा, आणि गरम पाण्याचा शेक बधिर पायाला कधीही देऊ नये.

जंतू, हाड आणि आत राहिलेला काटा

प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतातच, त्यामुळे वरवर फिरवलेल्या बोळ्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही ना काही उगवते आणि अहवाल पाहून गोळ्या सुरू होतात. लाली, सूज, ऊब, दुखणे आणि पू यांपैकी किमान दोन चिन्हे असतील तरच संसर्ग मानावा. एरवी अँटिबायोटिकने जखम लवकर भरत नाही, केवळ पुढच्या वेळी ते औषध निरुपयोगी होण्याची शक्यता वाढते. कल्चर घ्यायचेच असेल तर जखम धुऊन, खोलवरच्या ऊतींतून आणि गोळ्या सुरू करण्यापूर्वी घ्यावे. हिरवट स्राव आणि गोडसर वास असल्यास, किंवा कुजका वास असल्यास, ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगावे, कारण त्यातून जंतूंच्या जातीचा अंदाज येतो.

त्याच बिंदूतून जखम बंद-उघड, बंद-उघड होत असेल, मध्ये बारीक छिद्र असेल आणि बोट सर्व बाजूंनी सुजून लालसर झाले असेल, तर हाडाला संसर्ग झाल्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी. डॉक्टर निर्जंतुक सळईने तळ चाचपतात आणि ती थेट हाडाला लागते का ते पाहतात. एक्स-रेमध्ये बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला एक्स-रे चांगला आला तरी तो पुन्हा काढावा लागतो. संसर्ग झालेले हाड शस्त्रक्रियेने काढले नाही तर सुमारे सहा आठवडे औषधे लागतात. सात दिवसांच्या गोळ्यांनी पू आटतो, जखम मिटते आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा फुटते, हे चक्र अनेकदा यामुळेच चालते.

तालुक्याच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांत आणखी एक कारण आढळते, ते म्हणजे बाभळीचा काटा. बधिर पायात तो घुसतो, वरचा भाग मोडून निघतो आणि टोक आत राहते. लाकूड एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. सोनोग्राफीने शोध लागू शकतो. शेतात चालण्याचा इतिहास सांगितला नाही तर तो शोध कोणी घेत नाही.

वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेची कडा जाड होऊन उलटत असेल, सहज रक्त येत असेल, तर कर्करोगाच्या शंकेने तुकडा काढून तपासणे आवश्यक असते. मधुमेह नसताना पाय बधिर असेल, अंगावर फिकट सुन्न चट्टे असतील, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याची बहुविध औषधे सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावरची जखम हा वेगळा, पण भाराचाच प्रकार आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीला उशी देऊन ३० अंश कलते ठेवणे, टाचा गादीपासून अधांतरी ठेवणे आणि लघवी-संडासाने भिजलेली त्वचा लगेच स्वच्छ करणे, ही त्याची मुख्य कामे. हाडावरची लाल जागा चोळू नये, आणि मध्ये भोक असलेली रबरी कडी तिच्याखाली घालू नये, कारण त्या कडीने भोवतालचे रक्त अडते.

आठवड्याचे माप

जखम ‘बरी वाटते’ हे माप नव्हे. आठवड्यातील एक वार ठरवून, धुतल्यानंतर, कागदी पट्टी शेजारी ठेवून सारख्याच अंतरावरून फोटो काढावा आणि सर्वांत जास्त लांबी व तिला काटकोनातली रुंदी वहीत लिहावी. ४ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद जखमेचा गुणाकार १२ येतो. योग्य उपचारानंतर चार आठवड्यांत तो ६ किंवा त्याखाली आला पाहिजे. निम्म्याने कमी झाला नसेल तर तेच उपचार चालू ठेवण्याऐवजी भार, रक्त, साखर आणि हाड यांची तपासणी पहिल्यापासून करावी. ही वही डॉक्टरांपुढे ठेवल्यास मलमाऐवजी कारणावर बोलणे सुरू होते, असा माझा अनुभव आहे.

भरल्यानंतर

मधुमेही पायाची भरलेली जखम एका वर्षाच्या आत पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. म्हणून पहिले काही आठवडे चालणे हळूहळू वाढवावे. रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहावा किंवा घरातल्या कोणाकडून पाहून घ्यावा. घालण्यापूर्वी चप्पल झटकावी आणि आत हात फिरवावा. घट्टा आणि कुरूप घरी ब्लेडने कापू नये. बोटांच्या बेचक्यांत खोबरेल लावू नये, बाकी पायाला लावावे.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटर पायी जाण्याचा, किंवा जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर अनवाणी चालण्याचा नेम अनेक घरांत आहे आणि ‘यंदा जाऊ का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. बधिर पायावर एकदा जखम होऊन गेलेली असेल तर अनवाणी चालू नये, असेच स्पष्ट उत्तर द्यावे लागते. नेम मोडवत नसेल तर अंतराचा मोठा भाग वाहनाने जावे, उरलेले एमसीआर चप्पल घालून चालावे, आणि उन्हाने तापलेल्या दगडी फरशीवर दर्शनाच्या रांगेतही जाड मोजे पायात ठेवावेत.

रोजच्या तपासणीत जुन्या व्रणाच्या जागी हाताची मागची बाजू टेकवून पाहावी आणि दुसऱ्या पायाच्या त्याच जागेशी तुलना करावी. त्वचा फुटण्यापूर्वी ती जागा आधी गरम होते. त्वचेचे तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन पायांतला फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आणि सलग दोन दिवस आढळल्यास ती धोक्याची खूण मानतात. तेव्हा लाली नसली, दुखत नसले, तरी पावले कमी करावीत, चपलेचा तळवा तपासून घ्यावा आणि दोन्ही पायांची ऊब सारखी होईपर्यंत लांब चालणे बंद ठेवावे. दोन-तीन दिवसांत फरक उतरला नाही तर पाय घेऊन ओपीडीत यावे, आणि येताना चप्पलही घेऊन यावी.